टोकियोहून कानाझावाला

लेक कानाझावात बाळंत झाली. टोकियोला उतरल्यावर पुढे कसे जायचे, यावर आम्हा नवराबायकोत घरीच वाद झाला. रात्रीची बस सर्वांत स्वस्त. पण आठेक तास बसून हिचे गुडघे धरले असते. विमान तासाभरात कोमात्सूला पोहोचवते, मात्र तिथून कानाझावाला पुन्हा पाऊण तास बस. बुलेट ट्रेन २०१५ पासून थेट जाते; अडीच-तीन तास, तिकीट सुमारे १४ हजार येन. माझा जीव बसमध्येच अडकला होता. मग लेकीचा फोन आला, "अब्बा, पैसे वाचवाल, पण अम्मी आल्या आल्या बाळाला मांडीवर कशी घेणार?" मी मुकाट्याने ट्रेनची तिकिटे काढली. स्टेशन शहरातच आहे. उतरल्यावर तासाभरात नात आजीच्या मांडीवर होती. प्रवासाचा हिशेब करताना तिकिटाबरोबर माणसाचे गुडघेही मोजावेत, एवढे शिकलो.