मुलांच्या सहलींतून पाहिलेला बीड जिल्हा

प्रवासवर्णनें बहुधा दूरदेशचीं असतात. काशी, रामेश्वर, काश्मीर किंवा विलायत यांची हकीगत वाचावयास सर्वांनाच आवडते. परंतु आपल्याच जिल्ह्यांत, एस. टी.च्या गाडींतून, तीस-चाळीस मुलांच्या कलकलाटांत केलेला प्रवासहि लिहून ठेवण्यासारखा असतो, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. आमच्या एकत्र कुटुंबांत प्राथमिक शाळेंत जाणारीं चार मुलें आहेत. दोन माझीं आणि दोन जाऊबाईंचीं. शाळेची सहल निघावयाची झाली म्हणजे घरोघर संमतिपत्र येतें, आणि मुलांवर लक्ष ठेवण्यास दोन-तीन पालक बरोबर आल्यास बरें होईल, अशी सूचनाहि त्याबरोबर येते. जाऊबाईंना नोकरीमुळें सवड नसते. तेव्हां चौघांच्याहि वतीनें जाण्याचें काम माझ्याकडे आलें. सासूबाई म्हणाल्या, “अग, मास्तर आणि बाई बरोबर असतांना तुझें तिथें काय काम?” प्रश्न रास्त होता.

बीड जिल्हा लहान नव्हे. अकरा तालुके आणि दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र. उत्तरेच्या सीमेवर गोदावरी, मध्यें बालाघाटचे डोंगर, दक्षिणेस मांजरा. पाऊस बेताचा, आणि तोहि लहरी. वर्तमानपत्रांत या जिल्ह्याचें नांव दुष्काळाच्या निमित्तानें येतें. त्यामुळें येथें पाहण्यासारखें काय असणार, अशी बाहेरच्यांची आणि खरें सांगावयाचें तर आपल्यापैकींहि पुष्कळांची समजूत असते. मुलांची सहल ही समजूत घालविण्यास फार उपयोगी पडते. कारण शाळेस एका दिवसांत जाऊन परत यावयाचें असतें, आणि एस. टी. शाळेच्या सहलीस निम्म्या भाड्याची सवलत देत असली तरी खर्चाकडे पाहावेंच लागतें. म्हणून जवळचें जें आहे तेंच नीट पाहावें लागतें.

पहिली सहल तिसरीच्या वर्गाची, आणि तीहि बीड शहराच्या परिसरांतलीच होती. कंकालेश्वराचें देऊळ आम्हीं महाशिवरात्रीस कितीदां तरी पाहिलेलें. चौकोनी कुंडाच्या मध्यभागीं तें उभें आहे. कुंड भरलेलें असलें म्हणजे देऊळ पाण्यांतूनच वर आल्यासारखें दिसतें. आपण मोठीं माणसें देवळांत शिरलों कीं थेट गाभाऱ्याकडे जातों. बाईंनीं मात्र दर्शनाआधीं मुलांना बाहेरून एक फेरी घालावयास लावली, आणि प्रत्येकानें भिंतीवरील एकेक मूर्ति निवडून तिचें चित्र काढावें, असें सांगितलें. तेथें हातीं शस्त्र घेतलेल्या स्त्रियांच्याहि मूर्ति आहेत. माझ्या पुतणीनें त्यांतलीच एक निवडली, आणि घरीं आल्यावर आजीला विचारलें कीं, “ही कुठल्या लढाईला निघाली आहे?” इतकीं वर्षें त्या देवळांत जाऊन हा प्रश्न आमच्या घरांत कोणालाहि सुचला नव्हता.

तेथून आम्हीं शहराबाहेरील खजाना विहिरीकडे गेलों. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळीं, सन १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाच्या आज्ञेवरून राजा भास्कर यानें ती बांधविली. खजिन्यांत भरावयाचा पैसा या कामीं लागला म्हणून तिचें नांव खजाना पडलें, अशी लोकांत हकीगत आहे. जमिनीच्या पोटांतून खोदलेले दोन बोगदे विहिरींत पाणी आणतात आणि तिसरा तें बाहेर नेतो. उतार असा साधलेला आहे कीं, मोट नाहीं, पंप नाहीं, पाणी आपल्या पायांनीं चालत शेतापर्यंत जातें. गुरुजींनीं एक वाळलेलें पान पाण्यावर सोडलें. तें हळूहळू एका बाजूस सरकूं लागतांच सगळीं मुलें ओरडलीं, “चाललं, चाललं!” न शिकवितांच पाणी कोठून येतें आणि कोठें जातें हें त्यांना समजलें. एक मुलगा मात्र गंभीर होऊन म्हणाला, “आमच्या बोअरला आठशे फुटांवर पण पाणी लागलं नाहीं.” गुरुजी क्षणभर थांबले आणि मग सांगूं लागले कीं, या विहिरीचें पाणी खोल जाऊन ओढलेलें नाहीं, आसपास मुरलेलें पाणी अलगद गोळा केलेलें आहे, मुरेल तितकेंच घ्यावयाचें, हा तिचा हिशेब आहे. चार शतकांपूर्वींच्या कारागिराचा हा हिशेब तिसरीच्या मुलांना पटला. मोठ्यांना तो पटावयास वेळ लागत आहे.

दुसरी सहल चौथीच्या वर्गाची, अंबाजोगाईची. योगेश्वरी ही कोंकणांतील कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. त्यामुळें वाचकांपैकीं अनेकांनीं तेथें ओटी भरलेली असेल आणि त्याच दिवशीं परतीची गाडी धरलेली असेल. मुलांबरोबर गेलें म्हणजे ही घाई चालत नाहीं. त्यांनीं प्रथम हत्तीखाना पाहिला. खडकांत कोरलेला तो मंडप आणि ते दगडी हत्ती पाहून, देवीच्या लग्नाचें वऱ्हाड येथेंच थांबलें, ही कथा त्यांना सहज खरी वाटली. परळीच्या वैजनाथाशीं योगेश्वरीचा विवाह ठरला, पण मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारीच राहिली, अशी ती कथा. “फक्त उशीर झाला म्हणून?” असें एका मुलीनें विचारलें, आणि आमच्या गाडीचा सकाळचा उशीर आठवून सर्वांना हसूं आलें.

गांवाबाहेरील दरींत मुकुंदराजांची समाधि आहे. परंपरेप्रमाणें शके १११० मध्यें, म्हणजे सन ११८८ मध्यें, त्यांनीं विवेकसिंधु लिहिला. चौथीच्या मुलांना वेदांत काय सांगावा? बाईंनीं इतकेंच सांगितलें कीं, आपण घरीं बोलतों त्या भाषेंत मोठा ग्रंथ लिहितां येतो, हें ज्यांनीं फार आधीं दाखविलें त्यांपैकीं हे एक. दासोपंतांच्या बाबतींत युक्ति अधिक सोपी होती. सन १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांची पासोडी, म्हणजे कापडावर लिहिलेला पंचीकरणाचा ग्रंथ, सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. बाईंनीं चाळीस फुटांची दोरी बरोबर आणली होती. ती मोकळ्या जागेंत लांब धरून मुलें तिच्या कडेनें ओळीनें बसलीं. सबंध वर्ग बसला तरी थोडी दोरी उरली. “एवढं सगळं हातानं लिहिलं?” हा प्रश्न ज्या स्वरांत आला, तो स्वर कोणत्याहि पाठ्यपुस्तकानें उमटला नसता. परततांना गुरुजींनीं सांगितलें कीं, निजामी राजवटींत या गांवास मोमिनाबाद म्हणत. स्वामी रामानंद तीर्थ यांनीं सन १९३५ पासून येथें शिक्षकाचें काम केलें, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हा मुलूख मुक्त झाला. शिक्षक किती मोठें काम करूं शकतो, हें त्यांनीं मुद्दाम म्हटलें नाहीं. पण मला तें ऐकूं आलें.

आतां सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळतें. अशा सहलींत पालकाचें काम शिकविण्याचें नसतें. गाडी लागलेल्या मुलाला आलेपाक देणें, बाटल्या भरून घेणें, सुटलेल्या वेण्या घालणें, आणि आपल्या मुलाला इतरांहून वेगळें न वागविणें, एवढेंच तें असतें. यांतलें शेवटचें सर्वांत कठीण. डबे सोडले म्हणजे कोणाच्या डब्यांत पुरणपोळी असते, कोणाच्या डब्यांत भाकरी आणि ठेचा. मुलें तीं मिनिटांत वांटून टाकतात, मध्यें आपण पडूं नये. परंतु पालकाचें खरें काम म्हणजे मोजणें. गाडींत चढतांना मोजावें, उतरतांना मोजावें, देवळांतून बाहेर पडतांना मोजावें. याच मोजण्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. वर्गाच्या पटावर बेचाळीस नांवें होतीं. अंबाजोगाईस निघालेल्या गाडींत मीं मोजलीं तीं मुलें एकतीस.

उरलेलीं अकरा आजारी नव्हतीं. तीं ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांबरोबर फडावर होतीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे हंगाम सुरू होतात, आणि या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. घरीं आजी-आजोबा असले, किंवा गांवच्या शाळेंत हंगामी वसतिगृहाची सोय झाली, तर मूल मागें राहतें. नाहीं तर तेंहि गाडींत बसतें आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतें. शाळेच्या सहली बहुतेक मार्गशीर्ष-पौषांत, थंडीच्या दिवसांत निघतात. म्हणजे ज्या महिन्यांत सहल निघते, त्याच महिन्यांत पटावरील हीं मुलें गांवांत नसतात. हें कोणी जाणूनबुजून केलेलें नाहीं. हवा चांगली असते, अभ्यासक्रम बराचसा झालेला असतो. पण परिणाम एकच.

ही गोष्ट मीं शिक्षकांपाशीं आणि पालकांच्या बैठकींत बोलून दाखविली. सहल भाद्रपदांत, दसऱ्याच्या आधीं काढावी, असा विचार निघाला. अडचणी दोन होत्या. एक पावसाची, ती उघडिपीचा दिवस पाहून टळते. दुसरी पैशाची, कारण उचल मिळण्यापूर्वींचे हे दिवस या घरांतून सर्वांत ओढगस्तीचे असतात. तेव्हां ज्यांना शक्य असेल त्यांनीं दोन मुलांची वर्गणी भरावी आणि कोणाची कोणी भरली हें कोणालाहि कळूं नये, असें ठरलें.

त्याप्रमाणें गेल्या भाद्रपदांत आम्हीं पाटोदा तालुक्यांतील सौताड्यास गेलों. विंचरणा नदी तेथें उंच कड्यावरून दरींत उडी घेते. खालीं रामेश्वराचें देऊळ आहे. उन्हाळ्यांत ओका दिसणारा तो कडा पावसाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या धारांनीं भरून जातो. सुरक्षित जागेवरून, हात धरून रांगेनें, मुलांनीं तो पाहिला. ऊसतोडणीच्या घरची एक मुलगी माझ्या शेजारीं उभी होती. इतर मुलांनीं जिल्ह्याबाहेर फारसें पाऊल टाकलेलें नव्हतें. हिनें कोल्हापूर, सांगली, बेळगांवकडचे फड पाहिले होते. कृष्णेला उन्हाळ्यांतहि पाणी असतें, बैलगाडींत झोपलें तर रात्रीं थंडी कोणत्या बाजूनें लागते, साखर होतांना वास कसा येतो, हें ती सांगत होती, आणि सबंध वर्ग तिच्याभोंवतीं गोळा झाला होता. नंतर गुरुजींनीं नकाशा काढून ती सांगेल तीं गांवें त्यावर दाखविलीं. भूगोलाचा तो तास तिनेंच घेतला, असें म्हटलें तरी चालेल. तिला मीं विचारलें, “तुला सहल आवडली ना?” ती म्हणाली, “हो. आज संध्याकाळीं घरीं जायचंय ना परत!”

वाचकभगिनींना आणि बंधूंना माझी इतकीच विनंति आहे कीं, आपल्या घरांतून शाळेच्या सहलीस कोणी एकानें तरी वर्षांतून एकदां जावें. आजोबांनीं जावें, आत्यानें जावें, काकांनीं जावें. एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. जवळची विहीर आणि जवळचें देऊळ मुलांच्या डोळ्यांनीं पुन्हां पाहावयास मिळेल, हा लाभ मोठाच आहे. परंतु गाडी सुटण्यापूर्वीं मुलें मोजतांना शाळेचा पटहि हातीं घ्यावा, आणि जीं आलीं नाहींत तीं कोठें आहेत हें विचारावें.