बाल्कनीतलं सोलर



माझी लेक जर्मनीत भाड्याच्या घरात राहते. तिकडे बाल्कनीच्या कठड्याला सोलर पॅनेल बांधतात आणि पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावतात. 2024 पासून 800 वॅटपर्यंतच्या अशा संचाला सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद केली की पुरतं.

लेक म्हणाली, "आई, वॉशिंग मशीनच्या एक्स्टेंशन बोर्डातच लावते." मी नको म्हटलं. कारण समजून घ्या. त्या लाइनला 16 अँपिअरचा एमसीबी आहे, त्याहून जास्त ओढलं की तो पडतो. पण सोलर त्याच लाइनमध्ये साडेतीन अँपिअर आणखी घालतं. ते एमसीबीतून जात नाहीत, म्हणून त्याला कळतही नाहीत. जुनी तार मात्र भिंतीत तापत राहते.

घरमालकाला विचारून इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घेईपर्यंत पॅनेल महिनाभर खोक्यातच राहिलं. लेक चिडली, पण थांबली.

आपल्याकडे कुणी असा संच बॅगेतून आणला, तर सॉकेटला लावू नका. इथे छतावरचं सोलर महावितरणकडे अर्ज करून, नेट मीटर बसवूनच जोडतात. लाइन दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाचाही त्यात प्रश्न असतो.

आपण पाणी गाळून पितो, शेगडी पुसून मगच पेटवतो. न दिसणाऱ्या जिवांसाठी जो यत्नाचार, तोच न दिसणाऱ्या तारेसाठीही हवा. तुमच्या घरचं वायरिंग शेवटचं कधी तपासलंत?