सूत्रांकडून कळतें कीं...

आमच्या लांज्यास बातमी येण्याचे मार्ग पूर्वीं अगदीं मोजके होते. मुंबई-गोवा हमरस्त्यावरून येणाऱ्या एस्. टी. गाडींतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरत, आणि घरांतील वडील माणसानें चाळल्याखेरीज तीं पत्रें मुलांच्या हातीं पडत नसत. बातमी शिळी असे. पण ती खरी आहे कीं नाहीं, असा प्रश्न ओटीवर कोणी विचारीत नसे. 'छापून आलें आहे' एवढ्या एका वाक्यानें वाद मिटे. आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. बातमी कित्येकदां घडण्यापूर्वींच घरीं येऊन बसते. आणि 'छापून आलें आहे' असें म्हटलें कीं आमचीं मुलें हंसतात.

हें हंसणें आमच्या मनास लागतें. कोणी म्हणेल कीं, ज्या बातम्यांवरून तीं हंसतात त्या बहुधा खेळाच्या. त्यांचें एवढें काय मनावर घ्यावयाचें? परंतु एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस ठाऊक आहे कीं, आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्यांनीं एका ओटीवर बसून, कोणाचाही मान न दुखावतां, मनसोक्त वाद घालावा असे विषय फार थोडे उरले आहेत. खेळ हा त्यांतील एक. त्यांतही आपल्या संघास नवा प्रशिक्षक कोण मिळणार, हा वाद सामन्याहून गोड. सामना दीड तासांत संपतो. नव्या माणसावर बांधलेली आशा महिनेच्या महिने पुरते. त्या आशेंत खोटी बातमी पडली कीं दुधांत मिठाचा खडा पडल्यासारखें होतें.

२०२५ च्या जुलै महिन्यांतील गोष्ट घ्या. भारताच्या फुटबॉल संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनीं महिन्याच्या आरंभीं पद सोडलें. त्यांच्या जागेसाठीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १७० अर्ज आले. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीनें त्यांतून तीन नांवें निवडलीं : पूर्वीं दोनदां हेंच काम केलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे माजी प्रशिक्षक स्टेफान टार्कोविच आणि आपले खालिद जमील. येथपर्यंत सारें सरळ होतें.

पुढें दिव्यांची अमावास्या होऊन २५ जुलैस श्रावण लागला, आणि त्याच दिवशीं एक नवलाची बातमी येऊन थडकली. स्पेनला २०१० सालीं विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघांतील आणि पुढें बार्सिलोनाचा प्रशिक्षक झालेला झावी हर्नांडेझ यानेंही आपल्या संघासाठीं अर्ज केला होता. पण एवढें वेतन महासंघास परवडणारें नसल्यामुळें तो मागें ठेवण्यांत आला! महासंघाच्या एका जबाबदार माणसानेंच त्या नांवास दुजोरा दिला होता. हां हां म्हणतां ती बातमी देशोदेशीं गेली.

तो श्रावणांतील पहिलाच शुक्रवार असल्यामुळें आमच्या घरीं जिवतीच्या पूजेची गडबड होती. तरीही माजघरापासून पडवीपर्यंत दुसरा विषय नव्हता. शाळेच्या पटांगणावर, भर पावसांत, चिखलांतून चेंडू लाथाडणारा आमचा धाकटा पुतण्या तर रडकुंडीस आला. 'पैशांसाठीं झावी घालविला' हेंच पालुपद तो दिवसभर घोळीत होता. अखेर पुरणाच्या दिंडांचें पातेलें उतरवितां उतरवितां वहिनींनीं आम्हांस विचारलें, "अहो भावोजी, पण त्या झावीला कोणीं विचारलें का, कीं बाबा रे, तूं खरेंच अर्ज केलास का?"

वहिनींनीं आयुष्यांत फुटबॉलचा सामना पाहिलेला नाहीं. परंतु वर्तमानपत्राच्या धंद्याचें सारें मर्म त्या एका प्रश्नांत आहे. दुसऱ्याच दिवशीं महासंघानें खुलासा केला कीं, झावी आणि पेप ग्वार्दिओला या दोघांच्या नांवें आलेलीं ई-पत्रें खरीं नव्हतीं. पुढें १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, झावीच्या नांवाचें पत्र आपणच गंमत म्हणून धाडलें होतें. एका पोराची थट्टा, ती पारखून न घेणारें कार्यालय, आणि कार्यालयाचा शब्द पारखून न घेणारीं पत्रें, अशी ती साखळी होती.

येथें वर्तमानपत्रांची बाजूही सांगितली पाहिजे. पद देणाऱ्या संस्थेचा माणूसच बोलल्यावर बातमीदारानें कोणावर विश्वास ठेवावा? शिवाय संस्थांचें मौनही बेभरंवशाचें असतें. २०१७ सालीं अनिल कुंबळे यांनीं भारतीय क्रिकेट संघाचें प्रशिक्षकपद सोडल्यावर काय झालें तें अनेकांस आठवत असेल. त्या वर्षीं ११ जुलैच्या दुपारीं रवि शास्त्री यांची नेमणूक झाल्याची बातमी सर्वत्र झळकली. थोड्याच वेळांत मंडळाच्या प्रभारी सचिवांनीं तिचा इन्कार केला. आणि रात्रीं मंडळानेंच शास्त्री यांचें नांव जाहीर केलें! गोलंदाजीसाठीं श्रीरामपूरचे झहीर खान आणि परदेशांतील दौऱ्यांसाठीं फलंदाजीचे सल्लागार म्हणून राहुल द्रविड, अशींही नांवें त्याच रात्रीं सांगण्यांत आलीं. पण आठवडाभरांत गोलंदाजीचें काम भरत अरुण यांजकडे गेलें. अशा ठिकाणीं बातमीदाराची गत वाईटच. तथापि अडचण खरी असली, तरी तिच्यावरील उपाय अंदाज छापणें हा नव्हे. 'अद्याप निर्णय झालेला नाहीं' हीदेखील एक बातमीच आहे, आणि पुष्कळदां तीच एकटी खरी असते.

चुकीच्या बातमीनें वाचक चिडतो, हें नुकसान त्या मानानें थोडें. खरें नुकसान होतें तें ज्यास शेवटीं काम मिळतें त्याचें. १ ऑगस्ट २०२५ रोजीं खालिद जमील यांची नेमणूक झाली. गोव्याचे साव्हियो मदेरा यांच्यानंतर १३ वर्षांनीं भारतीय माणसाच्या हातीं हा संघ आला होता. हा दिवस आनंदाचा असावयास हवा होता. पण आमच्या ओटीवर पहिला उद्गार निघाला तो असा, "झावी परवडला नाहीं, म्हणून हे!" खुलासा होऊन पांच-सहा दिवस लोटले होते, पुतण्यानें तो वाचलाही होता, तरी मनांत राहिली ती पहिली बातमी. खोटें पुसलें तरी त्याचा डाग उरतो, तो असा.

आणि हा उद्गार कोणाविषयीं? मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळलेला आणि पुढें सात वर्षें मुंबई फुटबॉल क्लबाचें प्रशिक्षण करणारा हा माणूस २०१६ सालीं दूर मिझोरमांत ऐझॉल येथें गेला. तेथील संघ त्याच वर्षीं खालच्या वर्गांत ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांनीं अंग काढून घेतल्यामुळें त्यास आय-लीगमध्यें पुन्हां जागा मिळाली, एवढेंच. पुढच्याच हंगामांत, २०१७ च्या एप्रिलमध्यें, त्या संघानें मोहन बागानसारख्या बलाढ्य संघास एका गुणानें मागें टाकून विजेतेपद मिळविलें. ही कथा घरोघर पोंचावयास हवी होती. आम्हीं ती त्या सायंकाळीं मुलांस सांगितली, तेव्हां पुतण्या बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "काका, हें कोणीं छापलें कां नाहीं?" छापलें होतें, पण झावीच्या आरोळींत तें कोणाच्या कानीं गेलें नाहीं.

जमील यांचा कारभार पुढें निर्विघ्न चालला असेंही नाहीं. गणपतीच्या दिवसांत, २९ ऑगस्टला, त्यांच्या संघानें ताजिकिस्तानला त्याच्याच भूमीवर २-१ असें हरविलें, आणि त्याच स्पर्धेंत ओमानवर मात करून तिसरें स्थान पटकाविलें; पण ऑक्टोबरमध्यें मडगांवीं सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करावी लागली आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. या जयापजयांवरून त्यांची स्तुति करावी किंवा निंदा करावी. तो प्रेक्षकाचा हक्कच आहे. मात्र जो अर्ज कधीं आलाच नाहीं त्याच्याशीं तुलना करून कोणास उणें ठरविणें हा शुद्ध अन्याय होय.

मराठी वृत्तपत्राचा जन्मदाता कोंकणचा. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं पहिलें मराठी वर्तमानपत्र काढलें, आणि त्याचें नांव ठेवलें 'दर्पण'. आरशानें समोर असेल तेवढेंच दाखवावें; समोर नसलेला माणूस जो दाखवितो त्यास आपण आरसा म्हणत नाहीं. 'सूत्रांकडून कळतें कीं' या शब्दांनीं आरंभ होणारी प्रत्येक बातमी खोटी असते असें नव्हे. पण नोकरीच्या उमेदवारास, त्याच्या दलालास आणि मंडळांतील तटांस जी बातमी पसरावी असें वाटतें, तीही याच शब्दांच्या आडून येते. तेव्हां छापणाऱ्यानें वहिनींचा तो एक प्रश्न विचारावा, आणि चूक झालीच तर दुरुस्ती मूळ बातमीएवढ्याच अक्षरांत छापावी.

आणि घरांतील वडीलधाऱ्यांनींही एक काम अंगावर घेण्यासारखें आहे. मुलें हंसतात म्हणून त्यांना दटावूं नये. तीं उगीच हंसत नाहींत. पण सर्वच खोटें असें मानून तीं वाचणेंच सोडतील, तर तें खोट्यावर विश्वास ठेवण्याहूनही वाईट. तेव्हां मोठी बातमी आली कीं तिच्याखालीं कोणाचें नांव आहे, कोणीं सही करून सांगितलें आहे, हें मुलांकडून शोधवून घ्यावें; आणि तें सांपडेपर्यंत वाद दोन दिवस पुढें ढकलावा. दोन दिवस थांबल्यानें सामना कोठें जात नाहीं, आणि जो माणूस खरोखर येणार असतो तोही.