पारीसमधील लहान स्वातंत्र्यदेवी

न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी आम्हीं चित्रांतच पाहिली आहे. परंतु वयानें थोरली व उंचीनें धाकटी अशी तिची बहीण पारीसच्या कला-हुन्नर संग्रहालयांत समक्ष पाहिली. शिल्पकार बार्थोल्दी याचा हा प्लास्टरचा नमुना अवघा २.८६ मीटर उंचीचा. याच्या चौपट दुसरा केला. मग त्याचे आडवे भाग पाडून एकेक भाग मापांनीं पुन्हां चौपट वाढविला. एकंदर सोळापट! येथें नाकास केसाएवढा बांक राहता, तर तेथें तो सोळा केसांचा होता. शिवाय त्या अजस्र भागांशेजारीं उभे राहणाऱ्यास सबंध मूर्ति दिसेना. तेव्हां रूपाचा निवाडा या लहानीपाशींच व्हावयाचा. पुढें लांकडी सांचे घेऊन त्यांवर तांब्याचा पातळ पत्रा ठोकून बसविला, आणि १८८६ सालीं मूर्ति उभी राहिली. देवीची मुद्रा, आमच्या मतें, चित्रांतल्यापेक्षां येथें अधिक करारी दिसते.