अस्पर्शाचे मोल

सायकलीच्या आऱ्यांत कार्ड अडकवून मोटारीसारखा आवाज काढणे, हा अमेरिकेतील मुलांचा एके काळचा आवडता उद्योग. १९५२ साली टॉप्स कंपनीच्या बबलगमच्या पुड्यांतून बेसबॉलपटूंची रंगीत कार्डे निघत. मुले ती खिशात कोंबीत, रबराने बांधीत, शाळेच्या आवारात त्यांची अदलाबदल करीत. कोपरे झिजत, मधोमध मोड पडे. ही झीज म्हणजे त्या कार्डांवर केलेल्या प्रेमाचीच नोंद होती. पुढे बाजाराने नेमकी हीच नोंद उणेपणाची खूण मानली.

वस्तूच्या स्थितीला अंक देण्याची रीत नाणेसंग्राहकांकडून आली. अव्वल स्थितीसाठी रूढ असलेला ‘मिंट’ हा शब्दही टांकसाळीतलाच. १९९१ साली स्थापन झालेल्या पीएसए कंपनीने ही रीत क्रीडाकार्डांना लावली. परीक्षक भिंगाखाली चार गोष्टी पाहतो: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चौकटीत चित्र कितपत मध्यभागी आहे ते. मग एक ते दहांपैकी अंक ठरतो आणि कार्ड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद होते. नऊ आणि दहा यांतील फरक पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. किमतीत मात्र तो अनेक पटींनी दिसतो. म्हणूनच कित्येक मालक पेटी फोडून तेच कार्ड पुन्हा परीक्षेस धाडतात. कार्ड तेच असते. आशा तेवढी नव्या अंकाची.

१९५२ च्या मालिकेतील मिकी मँटल यांचे साडेनऊ अंकांचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. १९९१ साली त्याच्या मालकाने ते ५० हजार डॉलरना घेतले होते. त्याच छपाईचे, तेच चित्र असलेले झिजके कार्ड या किमतीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी दामात मिळे. मधले अंतर कशाचे? मँटल यांच्या खेळाचे खचित नव्हे. ते केवळ बालकाचा हात न लागण्याचे होय.

या व्यवहारातला पेच होनस वॅगनर यांच्या कार्डाने उघड केला. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या मालिकेतले हे कार्ड. वॅगनर यांच्याच आक्षेपामुळे त्याची छपाई थांबली, असे सांगितले जाते. त्याची एक लखलखीत प्रत १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्यांचे भागीदार यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. पीएसएच्या दप्तरात तिला पहिला क्रमांक लाभला आणि आठ अंक मिळाले. २००७ साली ती २८ लाख डॉलरना गेली. तिच्या कडा इतक्या रेखीव कशा, ही कुजबुज मात्र शमत नव्हती. अखेर २०१३ साली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की, त्या कडा त्यांनीच कापल्या होत्या. परीक्षेच्या नियमानुसार कापलेले कार्ड अंकासच पात्र नाही. वस्तूला इजा करूनच तिचे अक्षतपण सिद्ध झाले होते. आणि त्या संस्थेच्या प्रामाण्याचा पायाच या कार्डावर उभा होता.

२०२२ साली वॅगनर यांचीच दुसरी एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. तिला अंक होते अवघे दोन. प्रती विपुल असतात तेथे अंक राज्य करतो. त्या मोजक्याच उरतात तेथे झिजलेल्या अंगालाही मान मिळतो.

आपल्याकडील जुन्या पोथ्यांचे लेखक शेवटी विनवीत की, ही पोथी तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपावी. त्यांनाही वस्तूच्या स्थितीची काळजी होतीच. पण ती पोथी वाचली जावी म्हणून. पाने उलटून काळवंडलेला कोपरा आणि समासातले परक्या हाताचे टिपण अभ्यासकाला वाचकांची परंपरा सांगतात. पेटीतल्या कार्डाला असे सांगण्याजोगे काही घडलेलेच नसते, आणि त्याचे मोल त्यातच आहे. चाकाच्या आऱ्यांत फडफडून फाटलेली कार्डे कोणत्याही दप्तरात नाहीत. मात्र ती इतक्या संख्येने फाटली, म्हणूनच उरलेल्यांना हा भाव आला.