वी बिट्टे?

लेक परिचारिका. तिला जर्मनीला जायचे आहे. गोएथे प्रमाणपत्राच्या ‘बी-१’ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन पार पडले. घोडे पेंड खाल्ले ते बोलण्यात. १०० पैकी ६० गुण हवेत, ते पडले नाहीत. सगळे घडाघडा पाठ होते. पण जोडीदाराने मध्येच वेगळे विचारले आणि तिची वाचाच बसली. सुदैवाने तेवढाच भाग पुन्हा देता येतो.

मग रोज भाजी निवडताना मीच तिची जोडीदार झाले. जर्मनचे मला ओ की ठो कळत नाही! या परीक्षेत आधी दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा असतो. मी तो मराठीतच मोडायची, “रविवारी नको, पाहुणे येणारेत!” ती जर्मनमध्ये दुसरा वार सुचवायची.

“आणि समजलंच नाही तर?”

“‘वी बिट्टे?’ म्हणायचं. म्हणजे, काय म्हणालात?”

“मग तेव्हा का नाही म्हणालीस?”

“लाज वाटली, आई.”

“उद्या रोग्याने दुखणं सांगितलं आणि तू लाजून नुसती मान डोलावलीस तर?”

ती गप्प झाली.

दुसऱ्या खेपेस ती पास झाली. घरी येताच म्हणाली, “आई, दोनदा ‘वी बिट्टे’ म्हटलं!”

मला गुणांपेक्षा त्याचाच आनंद झाला.