गुरगुर

बँकेतल्या कारकुनाच्या दारात मर्सिडीज उभी राहिली, की गावाची नजर आधी गाडीवर, मग कारकुनावर आणि शेवटी बँकेच्या तिजोरीवर जाते. आमच्या पातुरात नजरेचा हा प्रवास दहा मिनिटांत पुरा झाला. शेजारचे गुरुजी 'अभिनंदन' म्हणाले, पण कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी त्या संध्याकाळी माझ्याकडून रोकड दोनदा मोजून घेतली.

म्हणून खुलासा आधीच करून टाकतो. गाडी माझी नव्हे, दादांची. दादा माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी पुण्याची वाट धरली, पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी पत्करली आणि दर महिन्याच्या मनीऑर्डरीतून मला अकोल्याला बी.कॉम. केलं. माझ्या पदवीवर शिक्का विद्यापीठाचा असला तरी खर्चाची बाजू सगळी दादांच्या खात्यावर आहे, आणि ते खातं मी आजतागायत फेडलेलं नाही.

१९९५ साली पिंपरीला, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज गाड्या जुळवायला सुरुवात झाली. जाणकार त्या बनावटीला 'डब्ल्यू १२४' म्हणतात. कामावर जाता-येता बसच्या खिडकीतून दादांना त्या गाड्या दिसत. आपल्याला एखादी मुलगी आवडावी आणि तिचं लग्न आधीच टाटा-बिर्लांच्या घरी ठरलेलं असावं, तशी ती परिस्थिती. पण दादा चिकाटीचे. मुलगी पोक्त होईपर्यंत थांबले आणि निवृत्तीनंतर १९९६ सालची एक पांढरी ई २२० त्यांनी जुन्या बाजारात गाठली. पुढं चार-पाच वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर नेली. तेव्हा त्यांनी गाडी माझ्याकडं पाठवली. सोबत निरोप एकच : "विकू नको. चालवत राहा. उभी गाडी मरते."

गाडीचं वजन चौदाशे किलो, म्हणजे आमच्या भाषेत चौदा क्विंटल. एवढी तूर घरात आली असती तर सौभाग्यवतीनं आनंदानं ठेवून घेतली असती. गाडी लिटरला आठ किलोमीटर जाते. तिचं वय झाल्यामुळं पर्यावरण कर भरावा लागतो आणि दर पाच वर्षांनी नोंदणीसाठी तपासणीला उभं करावं लागतं. माझीसुद्धा एवढी तपासणी होत नाही. तरी मी तक्रार केली नाही. ती रविवारी रेणुकामातेच्या टेकडीपर्यंत न्यायची आणि परत आणायची, एवढाच तिचा संसार होता.

एके दिवशी ती गुरगुरू लागली.

गाडी उभी असताना स्टेअरिंग वळवलं, की पुढून आवाज येई. आधी मांजर चिडल्यासारखा, मग मांजराची शेपटी कुणाच्या तरी पायाखाली आल्यासारखा. त्याच आठवड्यात अंगणातल्या फरशीवर तांबूस तेलाचा एक डाग दिसला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाली, "रांगोळी मी काढते. तुमच्या गाडीनं काढायची गरज नाही."

ज्यांना मोटारीतलं कळत नाही (गेल्या दिवाळीपर्यंत मीही त्यांतलाच होतो), त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अशा जड गाडीची चाकं वळवायला मनगटाचा जोर पुरत नाही, म्हणून इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो तेल दाबून पुढं पाठवतो आणि ते तेल आपल्या वतीनं चाकं वळवतं. जोर लागेल तेव्हा हा दाब टायरमधल्या हवेच्या चाळीस-पन्नास पट होतो. काम झालं की तेल दुसऱ्या पाइपनं परत डब्यात येतं. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९२६ साली ही युक्ती गाडीवर बसवून दाखवली, पण विकायच्या मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडलं. तेव्हा क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीला ती मिळाली. म्हणजे साहेबाच्या देशातही मंजुरीला पंचवीस वर्षं लागतात. हल्लीच्या लहान गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. तिथं तेल नाही, त्यामुळं गळती नाही, आणि लेखही नाही.

डब्याचं झाकण उघडून पाहिलं, तर तेल तळाला गेलेलं. यावर हुशार माणूस विचारतो, 'तेल गेलं कुठं?' मी विचारलं, 'तेल मिळतं कुठं?' हा बँकेतल्या माणसाचा रोग आहे. कर्जदाराचं खातं थकलं की पैसा कुठं मुरला ते कुणी शोधत नाही. वरून थोडं नवं कर्ज घालतात, जुनं व्याज वळतं करतात आणि खातं कागदावर गुटगुटीत दिसू लागतं. मी गाडीला तसंच पोसायला सुरुवात केली. दर रविवारी थोडं तेल. गुरगुर थांबे. बुधवारी पुन्हा सुरू.

एका रविवारी ते तेल संपलेलं होतं. घरात ब्रेक ऑइलची बाटली होती. शेवटी तेल ते तेल, असा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शोभणारा विचार करून मी ती डब्यात ओतली. गुरगुर थांबली. मी स्वतःवर इतका खूश झालो, की जेवताना एक भाकर जास्त खाल्ली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. मी नेमका गाडीत होतो, इंजिन सुरू, गाडी फाटकातून बाहेर काढत होतो. दादा म्हणाले, "दिवाळीला येतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं. अकोल्याला गाडी घेऊन ये, आपली." आणि मग जरा थांबून, "लहान्या, हा आवाज कशाचा रे?"

"कुठला आवाज?"

"हा. गुरगुरल्यासारखा."

"पंख्याचा," मी म्हणालो. "घरातला. बेअरिंग गेलंय."

आयुष्यात मी दादांशी फार खोटं बोललेलो नाही. बोलायची गरजच पडली नाही, कारण ते विचारायच्या आधीच पैसे पाठवत. फोन ठेवला आणि हातापायांतलं बळ गेलं. दादांना आता गाडी दिसणार नाही. तिचा रंग मी ठेवला काय, घालवला काय, त्यांना सारखंच. त्यांच्यासाठी त्या गाडीचं आता जे काही उरलं होतं, ते कानाला येणारं. आणि नेमकं तेच मी बिघडवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गाडी वस्तादांकडं नेली. वस्तादांचा सगळा जन्म ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांखाली गेलेला. मर्सिडीज पाहून ते दबले वगैरे नाहीत. डोळे मिटून त्यांनी मला स्टेअरिंग दोन्हीकडं वळवायला सांगितलं आणि म्हणाले, "साहेब, पट्टा नाई बोंबलत. पट्टा बोंबलला तं चिरकते. हा पंप हाये. त्याच्या पोटात हवा गेली."

"म्हणजे पंप बदलायचा?"

"काऊन? उपाशी लेकरू रडते म्हून लेकरू बदलता काय?"

डब्यातलं तेल दुधावरच्या सायीसारखं फेसाळलेलं होतं. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, हवेचे बुडबुडे दाबाखाली फुटतात आणि त्याचीच ती गुरगुर. म्हणजे ओरडणारा दोषी नव्हता. दोषी गप्प बसून गळत होता.

आता त्याला शोधायचं. मी खाली वाकून स्टेअरिंगच्या मोठ्या डब्याकडं बोट दाखवलं, कारण तिथून थेंब पडत होता. शिवाय तो सर्वांत महाग भाग असल्याचं मी ऐकलं होतं, आणि आपल्या नशिबाचा मला अनुभव आहे. वस्तादांनी मान हलवली. "तेल गयते कोठून अन् दिसते कोठून! पयले आंघोय घाला तिले."

डिझेल आणि फडक्यानं सगळं पुसून लखलखीत केलं. ते सुकल्यावर वस्ताद म्हणाले, "पावडर आना घरून. तोंडाले लावाची." मी सौभाग्यवतीचा डबा गुपचूप आणला. वस्तादांनी पाइपांवर, सांध्यांवर पावडर भुरभुरली. लग्नाला निघाल्यासारखी गाडी सजली. मग इंजिन सुरू करून मी स्टेअरिंग हळूहळू वळवत राहिलो आणि वस्ताद बॅटरी घेऊन पाहत राहिले. पाच मिनिटांत पांढऱ्या पावडरीवर एक तांबूस रेघ उमटली. ती वर, परतीच्या पाइपाच्या क्लिपेपाशी सुरू होत होती आणि तिथून अंग चोरून, मोठ्या डब्यावरून ओघळत, अगदी सभ्यपणे खाली येत होती. तीस वर्षांच्या उन्हानं आणि इंजिनाच्या उष्णतेनं रबर दगड झालं होतं. त्यात कुणाची चूक नाही. रबर आणि माणूस दोघांचं तसंच होतं.

"पाइप अन् दोन क्लिपा," वस्ताद म्हणाले. "चारशे रुपयांचं काम. पन तेलावर टिकनारा पाइप पाह्यजे, पान्याचा नाई चालत."

मी आनंदानं खिशाकडं हात नेला. तेवढ्यात त्यांनी डब्यात बोट बुडवून वास घेतला. आमच्या बँकेत तपासनीस एखाद्या सहीवर बोट ठेवून असेच थांबतात.

"ह्यात ब्रेक ऑइल कोन टाकलं?"

गावात गाडी माझ्याशिवाय कुणी चालवत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी शर्टाची बाही ठीक केली.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "ह्या सिला ब्रेक ऑइलनं फुगतात. पाव चहात बुडवल्यावानी. आता पंपाच्या सिला बदला, डब्याच्या सिला बदला, सगयं तेल काहाडून धुवा, अन् फिल्टर नवा."

चारशे रुपयांची गळती शोधायचा कंटाळा केला, त्याचं बिल साडेसात हजार झालं. सिला आणि फिल्टर पुण्याहून कुरिअरनं यायचे होते. दिवाळी अकरा दिवसांवर. मी रोज कुरिअरवाल्याला इतके फोन केले, की शेवटी तो मला 'भाऊजी' म्हणू लागला.

सामान धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आलं. त्या रात्री साडेअकरापर्यंत वस्ताद गाडीखाली आणि मी त्यांच्या हाताखाली. नवं तेल, पुस्तकात लिहिलेलंच, भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंग वीसेक वेळा फिरवलं. दर वेळी डब्यात बुडबुडे येत, तेल खाली जाई आणि वस्ताद पुन्हा भरत. मग इंजिन सुरू करून तेच. हळूहळू बुडबुडे संपले आणि गुरगुर विरत विरत बंद झाली. पहाटे मी गाडी मेडशीच्या दिशेनं घाटात नेऊन आणली. एवढी वळणं, पण ती एकाही वळणावर बोलली नाही.

अकोल्याच्या फलाटावर दादा उतरले. हातात पांढरी काठी, पायात तेच जाड बूट. गाडीजवळ आल्यावर त्यांनी काठी मला दिली, छपरावर हात ठेवला आणि छपरापासून दारापर्यंत तळवा फिरवत आणला. लहानपणी मला ताप आला की असाच हात ठेवत. मग आत बसले.

स्टेशनाबाहेरच्या गर्दीत मला गाडी तीनदा पुढं-मागं करून वळवावी लागली. दादांनी बोलणं थांबवलं. मान जराशी डावीकडं, डोळे मिटलेले. शेवटच्या वळणाला मी स्टेअरिंग पार टोकाला नेलं आणि पुढून बारीक 'सूं' असा आवाज आला. माझ्या कपाळाला घाम फुटला.

"हा चालतो," दादा म्हणाले. "टोकाला नेल्यावर जास्तीचा दाब सोडते ती. हा तिचा स्वभाव. फक्त तिथं धरून ठेवू नको, दोन-तीन सेकंदांत सोड."

मी सोडलं. पातुरापर्यंतचे तीसेक किलोमीटर ते कारखान्यातल्या गोष्टी सांगत होते. मीही मोकळेपणानं बोलत होतो. अंगणात गाडी लावली. दादा म्हणाले, "जरा बसू दे मला तिकडं." त्यांना चालकाच्या जागेवर बसवलं. इंजिन सुरूच होतं. त्यांनी एक बोट, फक्त एक, स्टेअरिंगवर ठेवून ते डावीकडं फिरवलं, मग उजवीकडं. चौदा क्विंटलांची गाडी त्या बोटाखाली गुमान वळली. बराच वेळ ते तसंच करत बसले. सौभाग्यवती चहा घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली.

मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, उतरले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घराकडं चालू लागले. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले,

"लहान्या, पंख्याचं बेअरिंग बदललेलं दिसते."

मी "हो" म्हणालो.

"किती लागले?"

मी आकडा सांगितला. दादांनी खिशात हात घातला.